साफ केलेली संध्याकाळ

दालनाच्या दाराशी एक फलक होता. त्यावर लिहिलं होतं, 'यंत्रं आपल्याला निसर्ग ऐकवतात, की निसर्गातलं काय ऐकायचं ते आपल्या वतीने परस्पर ठरवून टाकतात?' प्रश्न चांगला होता. लिहिणाऱ्या कलाकाराने उत्तराच्या भानगडीत न पडता खाली सही केली होती. उत्तरं देणं हे कलेचं काम नव्हे असं त्याचं मत होतं, आणि तेही फलकाच्या दुसऱ्या परिच्छेदात आलेलं होतं.

या कलाकाराला घरी धाकटा म्हणत. पन्नाशी जवळ आली, दाढी पिकली, तरी तो धाकटाच राहिला, कारण ताई त्याच्याआधी जन्मलेली होती आणि ते विसरायला ती तयार नव्हती. ताईचं औषधांचं दुकान होतं. दिवसभर लोकांचे आजार ऐकून तिची एक सवय झाली होती : समोरचा काय म्हणतो ते सोडून त्याला काय झालंय ते ती बघायची. धाकट्याला तिच्यासमोर नेहमी थोडं आजारी असल्यासारखं वाटे.

दालन म्हणजे पूर्वीचा बर्फाचा कारखाना. उंच छत, जाड भिंती आणि कितीही रंग दिला तरी कोपऱ्यांतून डोकावणारी ओल. छतापासून जमिनीपर्यंत जुन्या ध्वनिफितींच्या तपकिरी पट्ट्या लोंबत होत्या आणि पंख्यांच्या वाऱ्यावर हलत होत्या. त्यांतून वाट काढत आत जाताना उंच गवतातून चालल्याचा भास व्हावा, अशी योजना होती. प्रत्यक्षात गाडी धुण्याच्या यंत्रातून गेल्यासारखं वाटे, पण उद्‌घाटनाला आलेले लोक सुसंस्कृत होते, कुणी बोललं नाही. दाराशी एका टोपलीत छोट्या कात्र्या ठेवल्या होत्या आणि वर पाटी : 'माळाचा एक क्षण सोबत न्या.' लोक पट्टीचा वीतभर तुकडा कापून पाकिटात घालत आणि फार गंभीर चेहऱ्याने बाहेर पडत.

त्या फिती बाबांच्या होत्या.

बाबा रेडिओ केंद्रात ध्वनिमुद्रक होते. नोकरीचं स्वरूप थोडक्यात सांगायचं तर, माणसं बोलत असताना बाकीचं जग गप्प करणं. पंखा बंद करा, खिडकी लावा, कागद वाजवू नका, साहेब तेवढं टेबलावर बोटं आपटणं थांबवा. दिवसभर जगाला गप्प बसवून संध्याकाळी ते केंद्राचं एक मुद्रणयंत्र खांद्याला अडकवून वसाहतीमागच्या माळावर जात. यंत्र घरी नेण्याची परवानगी नव्हती, म्हणून ते कायम 'दुरुस्तीसाठी' बाहेर असे. माळावर ते गवताचा आवाज घेत, वाऱ्याचा घेत, आणि मुख्य म्हणजे दिवस मावळताना गवतातून उठणाऱ्या किड्यांचा घेत. तो आवाज कसला, असं कुणी विचारलं तर ते म्हणत, "सांगता येत नाही. आवाज ऐकवायचा असतो."

माळ आता नाही. तिथे घरपोच सामान पाठवणाऱ्या एका कंपनीचं गोदाम उभं आहे आणि त्याचे दिवे कधी विझत नाहीत. किडे एका मोसमात गेले म्हणतात. कुणी तक्रार केली नाही. सामान वेळेवर येऊ लागलं होतं.

आणि बाबांच्या कानांतून तर किडे त्याच्याही आधी गेले. म्हातारपणी वरच्या पट्टीतले आवाज आधी जातात. बाबांना दारावरची घंटा ऐकू येईनाशी झाली, नातवंडांचं बोलणं कळेनासं झालं, त्याचं त्यांना फारसं काही वाटलं नाही. कानात यंत्र घाला म्हणून ताई मागे लागली, तेव्हा ते म्हणायचे, "काय ऐकायचं राहिलंय? तुझा ओरडा येतोय ऐकू." आई गेल्यावर तर हा विषयच बंद झाला.

मग कुणीतरी त्यांना सांगितलं की आता अशी यंत्रं निघाली आहेत, जी कानाला न झेपणारा वरचा आवाज खाली ओढून आणतात आणि झेपेल अशा पट्टीत ऐकवतात. बाबांनी हे ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ताईच्या दुकानात जाऊन उभे राहिले.

"चल," ते म्हणाले.

"कुठे?"

"कानाच्या बाईंकडे. मला ते रीळ ऐकायचंय."

ते रीळ म्हणजे कुठलं, हे ताईला विचारावं लागलं नाही. एका संध्याकाळी आई बाबांबरोबर माळावर गेली होती. बाबा मुद्रण करत होते, किडे ऐन रंगात आले होते, आणि मध्येच आई म्हणाली, "झालं का तुमचं? चला आता, डास फोडून काढतायत." रेडिओच्या दृष्टीने रीळ वाया गेलं. बाबांनी त्याच्या डबीवर 'बिघडलेलं' असं लिहिलं आणि तेवढं एक रीळ आयुष्यभर कपाटात, कपड्यांच्या खाली ठेवलं. धाकट्याने प्रदर्शनासाठी सगळी रिळं मागितली तेव्हा बाबांनी तेही दिलं. "वापर हवं तसं," ते म्हणाले होते, "पण हे एकदा मला ऐकव. किडे आणि ती, दोन्ही एकत्र. बास."

म्हणून यंत्रं आली. कानाच्या बाई तरुण होत्या, टेबलावर बिस्किटांचा पुडा उघडाच असे. त्यांनी बाबांना समजावलं की या यंत्रात वेगवेगळी ठिकाणं भरलेली आहेत : घर, उपाहारगृह, बैठक, रहदारी. बटण दाबलं की त्या ठिकाणासारखं ऐकू येतं.

"माळ आहे का?" बाबांनी विचारलं.

बाईंनी प्रामाणिकपणे शोधून पाहिलं. "नाही हो काका. पण संगीत आहे."

"संगीत नको. त्यात लोक फार टाळ्या वाजवतात."

पहिले काही दिवस हाल होते. चमचे कपाळावर आपटल्यासारखे वाजत, प्लॅस्टिकची पिशवी उघडली की बाबा दचकत, ताईच्या दुकानातल्या गोळ्यांच्या पाकिटांचा आवाज ऐकून ते म्हणाले, "तू इतकी वर्षं हे सहन करतेस?" पण त्यांनी यंत्रं काढली नाहीत. तासन्‌तास घालून बसत, कानाला वळण लावत. परीक्षेला बसलेल्या मुलासारखे दिसत होते, असं ताई म्हणाली. तिच्या बोलण्यात कौतुक क्वचित यायचं, म्हणून ते लक्षात राहिलं.

प्रदर्शनाला बाबा इस्त्री केलेला शर्ट घालून आले. पट्ट्यांच्या पडद्याशी थबकले. एक पट्टी बोटांत धरली, तिचं कापलेलं टोक पाहिलं.

"हे आपलंच?"

"मूळ फिती आहेत, बाबा," धाकटा म्हणाला. "स्मृतीचं भौतिक शरीर, अशी कल्पना आहे. काळजी करू नका, आवाज आधीच उतरवून घेतलाय संगणकावर. एकदम स्वच्छ."

"हं," बाबा म्हणाले आणि पट्टी हळूच सोडली.

आतल्या खोलीत काळोख होता, मध्ये एक बाक आणि चारी बाजूंना ध्वनिवर्धक. बाबा बाकावर टेकले. ताई त्यांच्या शेजारी, धाकटा दाराशी. आधी थोडा वारा वाहिला. मग शांतता. आणि त्या शांततेत आईचा आवाज आला, अगदी कानाशी बोलल्यासारखा : "झालं का तुमचं? चला आता, डास फोडून काढतायत."

ताईने ओठ घट्ट मिटले. मागे उभी असलेली एक अनोळखी बाई डोळे पुसू लागली. प्रदर्शनाची मांडणी बघणाऱ्या क्युरेटर बाईंनी धाकट्याचा दंड दाबला. सगळं ठरवल्यापेक्षाही छान चाललं होतं.

बाबांनी मान वर केली. एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे.

"हिला कुठे उभं केलंय?" ते मोठ्याने म्हणाले.

"म्हणजे काय, बाबा?"

"आवाज तिचाच आहे. पण ती आहे कुठे? माळावर नाहीये." मग त्यांचा हात कानाकडे गेला. "थांब, थांब. माझंच काहीतरी चुकतंय. पुन्हा लाव."

पुन्हा लावलं. बाबांनी उपाहारगृह लावून ऐकलं, बैठक लावून ऐकलं, रहदारी लावून ऐकलं. बाहेर रांग लागली होती. शेवटी ते उठले आणि धाकट्याच्या पाठीवर थोपटून म्हणाले, "तुझं काम चांगलं झालंय रे. माझे कान गेलेत, त्याला तू काय करणार."

धाकट्याला वाईट वाटलं, पण खरं सांगायचं तर थोडं हायसंही वाटलं. दोष कानांत असेल तर तो कानाच्या बाईंच्या खात्यातला होता.

पुढे बाबांच्या फेऱ्या सुरू झाल्या. ताई दुकान बंद करून त्यांना कानाच्या बाईंकडे नेई, बाई यंत्र थोडं वर करत, बाबा घरी येऊन खिडकीशी बसत आणि धाकट्याने दिलेली नक्कल पुन्हा पुन्हा ऐकत. आई 'डास फोडून काढतायत' म्हणे, आणि डासांचा पत्ता नाही. आवाज इतका वर गेला की शेजारचे विचारायला आले, काकूंचा आवाज कसा काय येतोय. बाबा वाचनालयात जाईनासे झाले. ताईला एकदा म्हणाले, "पोरानं एवढं मांडलं आणि मी नेमका ठोंब्या निघालो."

ताईने धाकट्याला फोन केला. "तुझी माफी मागतायत ते, माहितीये का? मनातल्या मनात नाही, मोठ्यांदा. मी ऐकलंय."

"माझी? कशाबद्दल?"

"त्यांना तुझी कला ऐकू येत नाही याबद्दल. बाकीच्यांना ऐकू येते ना, मग ठीकच आहे. ये तू आता कानाच्या बाईंकडे. त्यांनी ते मुद्रण मागवलंय, आवाज कुठल्या पट्टीत आहे बघते म्हणाल्या. आणि येताना फलक आणू नकोस."

धाकटा गेला. बाबा बाहेरच्या खोलीत मासिक चाळत बसले होते. आत बाईंनी त्याच्या आणि ताईच्या समोर मुद्रण संगणकावर उघडलं. आवाजाचं चित्र पडद्यावर पसरलं : खाली वाऱ्याचा फिकट पट्टा, मध्ये आईच्या वाक्याचे ठळक, सुबक डोंगर. आणि वर काळं. टोकापासून टोकापर्यंत, शाई ओतल्यासारखं.

"किडे इथे असायला हवेत," बाई काळ्यावर पेन्सिल टेकवत म्हणाल्या. "हे कुणीतरी पुसलंय."

"पुसलं नाही," धाकटा म्हणाला. "साफ केलंय."

बाईंनी बिस्किटांचा पुडा पुढे केला, मग कदाचित वेळ बरी नाही असं वाटून मागे घेतला.

झालं होतं ते अगदी साधं. फितींवर आयुष्यभराची खरखर साचली होती. धाकट्याने मुद्रणं एका संकेतस्थळावर चढवली. तिथे एक बटण होतं : 'अनावश्यक आवाज काढा'. बटण फार हुशार होतं. ते लाखो माणसांचं बोलणं ऐकून शिकलेलं होतं, त्यामुळे माणूस बोलला की तो आवाज, बाकी सगळा गोंगाट, एवढं त्याला पक्कं ठाऊक होतं. आई त्याने ओळखली. खरखर ओळखली. वाऱ्याचे झोत तुटक होते, ते थोडे निसटले. आणि खरखरीसारखीच सलग, बारीक, न थांबणारी एक गोष्ट त्या पूर्ण संध्याकाळभर चालली होती, ती त्याने खरखरीत जमा केली. धाकट्याने निकाल ऐकला आणि त्याच्या अंगावर काटा आला : आईचा आवाज किती स्वच्छ! मागे काही हरवलंय, हे त्याच्या ध्यानात आलं नाही. येणार कसं? माळावर बाबा जात. तो घरी बसून चित्रं काढी.

मूळ उतरवलेला आवाज त्याने पुसून टाकला होता, कारण संगणकावर जागा उरली नव्हती. जागा एका चित्रफितीने खाल्ली होती. त्या चित्रफितीत धाकटा शिडीवर चढून छताला पट्ट्या बांधताना दिसतो, तीन वेगवेगळ्या कोनांतून.

उरल्या त्या पट्ट्या. धाकटा तडक दालनात गेला. बिघडलेल्या रिळाच्या पट्ट्या कुठल्या, हे आता ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं. शिवाय पडदा विरळ झाला होता. प्रदर्शन गाजलं होतं, लोकांनी क्षण सोबत नेले होते. एका शाळेची सहल येऊन गेली होती, ती तर हात राखून कापणारी नव्हतीच.

त्याने क्युरेटर बाईंना सगळं सांगितलं. त्यांनी डोळे मिटून ऐकलं आणि उघडले तेव्हा ते पाणावलेले होते.

"अरे, पण हे तर विलक्षण आहे," त्या म्हणाल्या. "यंत्रानं तुझा माळ गिळला, आणि तूसुद्धा त्यात सामील! ही तर कामाची पुढची पातळी आहे. फलकात घालू या. 'कलावंतानेच पुसलेला निसर्ग.' वर्तमानपत्रवाल्यांना मी सांगते."

"माझ्या वडिलांना अजून सांगितलेलं नाहीये."

"मग त्यांना इथे आणून सांग ना. छायाचित्रकार ठेवते."

धाकटा निघाला. पायऱ्यांवर उभा राहून त्याने मोबाइल काढला आणि ताईला कळवलं की उद्या येतो. ताईचं उत्तर आलं : 'तू नाही सांगितलंस तर मी सांगेन. आणि माझी सांगण्याची पद्धत तुला माहिती आहे.'

तो गेला तेव्हा दुपार होती. बाबा स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसले होते, यंत्रं कानात, समोर ती नक्कल वाजवायचा छोटा संच. त्याला बघून त्यांनी संच बंद केला. चोरी पकडली गेल्यासारखे ओशाळले.

"आज जरा बरं येतंय," ते म्हणाले. "म्हणजे अगदी तसं नाही. पण त्यामागे काहीतरी आहे असं वाटायला लागलंय. बारीक. नेट लावून ऐकलं की येतं."

धाकट्याला हे सगळ्यांत जड गेलं. त्याने खुर्ची ओढली.

"बाबा, त्यात काही नाहीये. येत नाहीये ऐकू तुम्हाला, कारण ते त्यात नाहीच. कान नीट आहेत तुमचे. म्हणजे जेवढे होते तेवढे. मी ते साफ करायला दिलं आणि किडे गेले. सगळे."

बाबांनी संच जरा बाजूला सरकवला.

"मूळ उतरवलेलं?"

"पुसलं."

"का?"

"जागा नव्हती."

"आणि फीत तू कापलीस." हा प्रश्न नव्हता. "सरळ कापलीयेस. मी बघितलं तेव्हा. तिरकी कापली तर जोड ऐकू येत नाही. पण आता जोडायला तरी कुठे आहे म्हणा, लोक घेऊन गेले."

"हो."

बाबांनी संच हातात घेतला, पुन्हा लावला. आई बोलली. बाबांनी डोळे बारीक करून ऐकलं, आता माळ शोधत नव्हते, नुसतंच ऐकत होते, केंद्रात दुसऱ्याचं काम तपासताना ऐकत तसे.

"साफ चांगलं केलंय," ते म्हणाले. "कुठे टाका दिसत नाही. आम्हाला जन्मात जमलं नसतं इतकं साफ."

त्यांच्या बोलण्यात टोमणा असता तर धाकट्याने तो आनंदाने घेतला असता. तो शोधलाही त्याने. नव्हता. चाळीस वर्षं एकच काम केलेल्या माणसाने दुसऱ्याच्या कामाला दिलेली ती दाद होती.

मग बाबांनी एक एक करून दोन्ही यंत्रं कानांतून काढली, रुमालाने पुसली आणि डबीत ठेवली. कानांमागे वळ उठले होते, ते चोळले. त्यांच्या चेहऱ्यावर, बूट काढल्यावर येतो तसा, आराम आला.

"बाबा, घाला ना ती. बोलायचं कसं आपण?"

बाबा उठून खिडकीकडे वळले होते. धाकटा बोलत राहिला. आपण कधीही माळावर आलो नाही, हे त्याने सांगितलं. आई बोलवायची तेव्हा चित्राचं निमित्त केलं, हेही सांगितलं. फलकावर लिहिताना आपल्याला वाटत होतं की हे सगळं दुसऱ्या लोकांबद्दल आहे, असंही तो म्हणाला, आणि हे वाक्य त्याने आयुष्यात लिहिलेल्या कुठल्याही वाक्यापेक्षा बरं होतं. शेवटी त्याने विचारलं, "कसा होता तो आवाज? तुम्ही कसंही सांगा. वाटलं तर तोंडानं करून दाखवा. मला खरंच ऐकायचंय."

बाबा वळले. धाकट्याचे ओठ हलायचे थांबलेत आणि तो कशाची तरी वाट बघतोय, एवढं त्यांना दिसलं. निरोप घेत असेल, असा त्यांनी अंदाज केला.

"बरं, ये," ते बहिऱ्या माणसाच्या मोठ्या आवाजात, मायेने म्हणाले. "जाताना दार ओढून घे. मला वाजलेलं कळत नाही."